समजून घ्या : जपान्यांना रोखणारे मराठा जवान युद्ध संपल्यावर सुराबायात का लढले?

माजिवडा (ठाणे) : जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली. दुसरे महायुद्ध संपले. तरीही त्यानंतर अडीच महिन्यांनी इंडोनेशियातील सुराबाया शहरात मराठा जवान प्राण गमावत होते. हे जवान होते ब्रिटिश भारतीय सैन्याच्या ४९व्या इन्फंट्री ब्रिगेडचे.

ब्रिगेडमध्ये कोण होते?

साधारण तीन पायदळ बटालियन मिळून एक ब्रिगेड बनते. ४९व्या ब्रिगेडमधील तीनपैकी दोन बटालियन मराठ्यांच्या होत्या : मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी आणि सहावी. तिसरी बटालियन राजपुताना रायफल्सची होती.

आधी सांगशाक

मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा मणिपूरमध्ये घुसल्या. ब्रिगेड दुसरीकडे हलवली गेली, पण चौथी मराठा बटालियन उखरूल भागातच थांबली आणि ५०व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत लढली. सांगशाक गावात पाणी अपुरे होते. विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडत होती. तरीही २६ मार्चच्या रात्री माघारीचा आदेश येईपर्यंत मोर्चा टिकला. यामुळे कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकडीचे मोलाचे दिवस वाया गेले आणि इम्फाळ-कोहिमाच्या बचावाला तयारीसाठी वेळ मिळाला.

मग सुराबाया कशासाठी?

इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते. ब्रिगेडियर मॅलबी यांच्या नेतृत्वाखाली ४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला सुराबायात उतरली. जपान्यांना नि:शस्त्र करणे आणि छावण्यांतील कैद्यांची सुटका करणे, हे तिचे काम होते. स्थानिकांना मात्र यामागे डच राजवट परत आणण्याचा डाव दिसत होता.

ठिणगी कुठे पडली?

२७ ऑक्टोबरला विमानातून पत्रके टाकली गेली : शस्त्रे खाली ठेवा. मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी केलेल्या समझोत्याशी हे विसंगत होते. दुसऱ्याच दिवशी शहरभर छोट्या तुकड्यांत विखुरलेल्या जवानांवर हल्ले सुरू झाले. इंडोनेशियनांकडे जपान्यांकडून मिळालेली शस्त्रे होती. ब्रिगेडचे शेकडो जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले.

सुकार्नो स्वतः सुराबायात आले आणि युद्धबंदी ठरली. पण ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी 'इंटरनॅशिओ' इमारतीला जमावाने वेढा घातला होता. आत सहाव्या मराठा बटालियनचे जवान होते. तिथे झालेल्या चकमकीत मॅलबी मारले गेले. गोळीबार आधी कोणी केला, यावर आजही मतभेद आहेत. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी पाचव्या भारतीय डिव्हिजनसह शहरावर मोठा हल्ला चढवला. इंडोनेशिया हा दिवस 'वीर दिन' म्हणून पाळतो.

आपल्याकडे ही लढाई विस्मरणात का?

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याविरुद्ध भारतीय सैन्य वापरण्यास पंडित नेहरू आणि काँग्रेसने तेव्हा जाहीर विरोध केला होता. कुठे लढायचे, हे जवानांच्या हातात नव्हते. स्वतंत्र भारताच्या वीरगाथेत सुराबायाला जागा मिळाली नाही आणि तिथे पडलेले जवानही मागे राहिले.

घरातील जवानाचे नाव कसे शोधाल?

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून ठाणे-डोंबिवलीत आलेल्या अनेक घरांत पणजोबांच्या पलटणीच्या आठवणी आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धमृतांची नावे मोफत शोधता येतात. या नोंदी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतच्या असल्याने सुराबायातील मृत्यूही त्यांच्या कक्षेत येतात. शोधताना रेजिमेंटच्या नावाचे जुने स्पेलिंग वापरा : एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. गावाचे किंवा वडिलांचे नाव जुळले, तर ओळख पटवणे सोपे जाते.