‘गोलपिठा’ वाचलात, तिचं पुस्तक वाचलंत का?

‘माणूस कसा का असेना, काम बघा की राव!’

बेंबळीहून धाराशिवला कॉलेजला येणाऱ्या पोरापोरींच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. विषय कधी क्रिकेटरचा असतो, कधी नटाचा, कधी एखाद्या गायकाचा. त्याचं काहीतरी वाईट बाहेर येतं आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘आजपासून याचं काहीच बघायचं नाही.’ दुसरी म्हणते, ‘त्याच्या घरातलं आपल्याला काय करायचंय?’ एसटी स्टँडला लागते, तरी भांडण मिटत नाही.

मराठीत हा प्रश्न नवा नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका बाईने तो पुस्तक लिहून आपल्यासमोर ठेवलाय.

नामदेव ढसाळ हे नाव तुम्हाला माहीत असेलच. 1972 मध्ये त्यांचा ‘गोलपिठा’ आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. मुंबईतल्या वेश्यावस्तीचं, फुटपाथचं, उपाशी माणसांचं जग त्यांनी त्याच जगाच्या भाषेत कवितेत आणलं. मराठी कविता त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. त्याच वर्षी ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली. गावोगावच्या अत्याचारांविरुद्ध पोरं रस्त्यावर आली. 1999 मध्ये ढसाळांना पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये ते गेले. हे काम लहान नाही.

आता दुसरं नाव. मल्लिका अमर शेख. शाहीर अमर शेख यांची ही मुलगी. शाहीर मूळचे बार्शीचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. मल्लिकाबाई स्वतः कवयित्री. ‘वाळूचा प्रियकर’ हा त्यांचा कवितासंग्रह. ढसाळांशी त्यांचं लग्न झालं ते अगदी कोवळ्या वयात. 1984 मध्ये त्यांचं आत्मकथन आलं, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. त्यात दारू आहे, मारहाण आहे, नवऱ्याकडून मिळालेला गुप्तरोग आहे, पैशाची ओढाताण आहे, लेकरासाठीची तगमग आहे. जगाच्या दुःखावर पेटून उठणारा माणूस घरात कसा वागत होता, ते त्यांनी नावानिशी लिहिलं. नवरा हयात असताना लिहिलं.

मग करायचं काय? ‘गोलपिठा’ कपाटात कोंबायचा?

मला नाही तसं वाटत. त्या कवितेत ज्यांचं जगणं आलंय, त्या माणसांनी कुणालाही मारलेलं नाही. कवीच्या वागण्याची शिक्षा त्यांना का? पण म्हणून ‘मोठा माणूस होता, चालायचंच’ हेही पटत नाही. कविता चांगली असणं ही काही माराची पावती नव्हे. बायकोवर हात न उगारताही कविता लिहिता येते.

इथे आणखी एक गोष्ट बघायला हवी. ढसाळांच्या घरातलं काही जण फार चवीने सांगतात. त्यांना मल्लिकाबाईंची काळजी असते असं नाही. त्यांना एक दलित कवी आणि त्याची चळवळ छोटी करायची असते. हेच लोक पांढरपेशा घरातल्या लेखकाचा विषय निघाला की ‘कलावंत थोडा तऱ्हेवाईक असतोच’ म्हणतात. माप एकच लावायला हवं. तिचं दुःख कुणाच्या जातीवर मारायचा दगड नाही.

तो दुसरा पांढरपेशा अनुभवही मराठीत आहे. 1990 मध्ये सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं. तिथे मारहाण नाही, दोन्ही घरांची तुलनाच नको. पण साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या पुलंच्या मागे घराचा, व्यवहाराचा भार कुणी वाहिला, हे सुनीताबाईंनी मोकळेपणाने लिहिलं. त्यावर कितीतरी वाचक रागावले. कुणावर? पुलंवर नाही, सुनीताबाईंवर! आपल्या लाडक्या माणसाबद्दल हिने असं लिहावंच कसं? आपली गडबड होते ती इथे. आवडत्या माणसाचा दोष कळला की आपण आधी सांगणाऱ्याला गप्प करायला बघतो.

आणि सगळ्याच बायकांना पुस्तक लिहिता येत नाही. चिलीचा नोबेल विजेता कवी पाब्लो नेरुदा तरुणपणी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, आपल्या देशाचा वाणिज्यदूत होता. त्याच्या घरी संडास साफ करायला एक तमिळ बाई यायची, समाजाने अस्पृश्य ठरवलेली. एके दिवशी आपण तिच्यावर जबरदस्ती केली, हे त्याने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. ते पुस्तक 1974 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्यात त्या बाईचं नावसुद्धा नाही. चाळीसेक वर्षं जगाने ते पान वाचलं आणि उलटलं. 2018 मध्ये सांतियागोच्या विमानतळाला नेरुदाचं नाव द्यायचं घाटत होतं, तेव्हा तिथल्या स्त्रियांनी ते पान पुन्हा उघडलं. नेरुदाच्या कविता जाळा, अशी ती मागणी नव्हती. विमानतळाला त्याचं नाव नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एसटीतलं भांडण सोडवायचा धागा मला इथे सापडतो. वाचणं, गौरवणं आणि अधिकार देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच गाठोड्यात बांधतो. कविता वाचायला कवीच्या चारित्र्याचा दाखला लागत नाही. पण पुतळा, पुरस्कार, चौकाला नाव देताना आपण पोरांना सांगत असतो, ‘यांच्यासारखे व्हा.’ तिथे पूर्ण माणूस बघावाच लागतो. आणि जो आज हयात आहे, ज्याच्या हातात कुणाचे मार्क, नोकरी, संधी आहेत, त्याच्या बाबतीत तर ‘काम बघा’ म्हणून भागतच नाही. कारण तिथे पुढची मुलगी अजून वाचू शकते.

आता हे गावात आणून बघा. बेंबळी काय, धाराशिव काय, मोठी माणसं प्रत्येक गावात असतात. एखादे नावाजलेले सर, एखादा वस्ताद, एखादा पुढारी. त्यांच्याबद्दल मुलीने तोंड उघडलं की पहिलं वाक्य काय येतं? ‘एवढा मोठा माणूस असं करेल का? तुझंच काहीतरी चुकलं असेल.’ कॉलेजमध्ये अंतर्गत तक्रार समिती असते. यूजीसीच्या 2015 च्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. समितीवर कोण आहे, हे आजच ऑफिसात विचारून ठेवा. तिथे विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असायला हवेत.

दुसरी बाजूही आहेच. व्हॉट्सॲपवर फिरणारा स्क्रीनशॉट म्हणजे मल्लिकाबाईंचं पुस्तक नव्हे. जिने भोगलं तिने स्वतःच्या नावाने सांगितलेलं, चौकशीत सिद्ध झालेलं आणि कुणीतरी कुणाच्या नावावर खपवलेलं, यात फरक आहे. फॉरवर्ड करायच्या आधी एवढा फरक तरी करू या.

15 फेब्रुवारीला ढसाळांची जयंती असते. तुमच्या कॉलेजात कार्यक्रम असेल तर ‘गोलपिठा’तली कविता जरूर म्हणा, जोरात म्हणा. आणि त्याच स्टेजवर एखाद्या मैत्रिणीला ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मधलं एक पान वाचायला सांगा. ऐकताना अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या, पण तिला मध्येच थांबवू नका.