श्रांत मन आणि गायनश्रवण : ‘लावणे’ व ‘लागणे’ या क्रियापदांच्या अनुषंगाने

संगीत ऐकल्याने शीण जातो, हे विधान इतके सर्वपरिचित आहे की त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. तथापि अनुभव या विधानास सर्वकाळ साक्ष देत नाही. दिवसभराच्या कामाने श्रांत झालेला मनुष्य आपल्या आवडत्या गायकाचा विलंबित ख्याल लावतो आणि दहा मिनिटांतच तो बंद करतो. त्याच मनुष्यास शेजारच्या घरातून सहज कानावर पडणारे जुने भावगीत मात्र सुखावून जाते. रसिकता तीच, कानही तेच. पालटली आहे ती केवळ श्रोत्याची त्या वेळची अवस्था. ही अवस्था श्रवणाचे स्वरूप कसे ठरविते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रारंभ भाषेपासून करणे सोयीचे ठरेल. कारण मराठी भाषकाने या अवस्थांतील भेद आपल्या क्रियापदांत पुष्कळ आधीच नोंदवून ठेविले आहेत.

१. भाषेची साक्ष

‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद आणि ‘लावणे’ हे त्याचे सकर्मक रूप. गायनश्रवणाच्या व्यवहारात ही जोडी पदोपदी आढळते. रेडिओ लावतात आणि रेडिओ लागलेला असतो. गायक सूर लावतो, परंतु ‘आज सूर लागला नाही’ अशी खंतही तोच व्यक्त करतो. श्रोत्यास ‘मन लावून ऐक’ असे सांगता येते. मात्र ‘मन लागत नाही’ असे त्याने उत्तर दिले की आज्ञेचा उपयोग संपतो. ‘लावणे’ कर्त्याच्या इच्छेच्या आधीन आहे; ‘लागणे’ तसे नाही.

या जोडीत एक अर्थपूर्ण अपवाद आहे. ‘झोप लागते’ असे आपण म्हणतो; ‘मी झोप लावली’ असे कोणीही म्हणत नाही. बाळाला निजविता येते, स्वतःला निजविता येत नाही. ‘समाधी’ या शब्दास दोन्ही क्रियापदे चालतात, कारण तेथे साधकाचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. ‘तंद्री’ मात्र बहुधा लागतेच. विश्रांतीच्या जसजसे निकट जावे तसतसा कर्त्याचा अधिकार कमी होत जातो, असे या प्रयोगांवरून दिसते.

श्रवणवाचक प्रयोगांतही अशीच श्रेणी आहे. ‘मी गाणे ऐकतो’ यात ऐकणारा कर्ता आहे. ‘मला गाणे ऐकू येते’ यात तो चतुर्थ्यंत अनुभवक झाला. ‘गाणे कानावर पडते’ येथे तर वाक्यात त्याचा उल्लेखही अनिवार्य नाही. ‘आवडणे’, ‘रुचणे’, ‘करमणे’ ही क्रियापदेही अनुभवकास चतुर्थीतच ठेवितात. ‘मला करमत नाही’ या वाक्यात कोणताही कर्ता आपल्या बळावर बदल घडवू शकत नाही. श्रांत मनुष्य गाणे लावतो तेव्हा आरंभी तो कर्ता असतो. परंतु त्यास हवे असते ते कर्तेपणापासून सुटणे. श्रमपरिहारासाठी केलेल्या श्रवणातील अडचण नेमकी येथे आहे.

२. थकव्याचे दोन प्रकार

‘थकवा’ या एका नावाखाली भिन्न अवस्था एकत्र केल्या जातात. ‘दम लागणे’ हे क्षणिक असते. दम खाल्ला की ते संपते. ‘दमणे’ मुख्यतः देहाचे आहे. ‘शिणणे’ देहाचे आहे तसेच डोळ्यांचे व मनाचेही आहे. ‘कंटाळणे’ याला श्रमाची आवश्यकताच नाही. रिकामा मनुष्यही कंटाळतो. ‘वैतागणे’ यात थकव्यास क्षोभाची जोड मिळालेली असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थेअर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच स्वरूपाचा भेद वेगळ्या परिभाषेत मांडला. त्यांच्या मते चित्तवृत्तीच्या मुळाशी दोन स्वतंत्र परिमाणे असतात : एक उत्साहाचे आणि दुसरे ताणाचे. उत्साह कमी आणि ताणही कमी, असा शांत थकवा निद्रेच्या दिशेने नेतो व तो सुखद असतो. उत्साह कमी परंतु ताण अधिक, असा तणावग्रस्त थकवा मात्र क्लेशदायक असतो. मनुष्य गळून गेलेला असतो, आणि तरीही त्याला स्वस्थ पडवत नाही. शेतातून दमून आलेला मनुष्य आणि दिवसभर हिशेबाच्या चुका शोधून शिणलेला कारकून हे दोघेही ‘थकलो’ असेच म्हणतील. परंतु त्यांच्या कानांची अपेक्षा एकच असण्याचे कारण नाही.

३. प्रयोगांचे निष्कर्ष

डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्ये असा सिद्धांत मांडला की कलाकृतीची गुंतागुंत वाढत गेली की आरंभी आवड वाढते आणि एका मर्यादेनंतर ती घटू लागते. ही मर्यादा स्थिर मानली तर रसिकांचे कायमचे वर्ग पाडता येतील. परंतु व्लादिमिर कोनेचनी व त्यांचे सहकारी यांच्या १९७६ मधील प्रयोगाने निराळी गोष्ट दाखविली. ज्या व्यक्तींचा आधी हेतुपुरस्सर अपमान करण्यात आला होता, त्या गुंतागुंतीच्या स्वरावली टाळून साध्या स्वरावलींकडे वळल्या. ज्यांना आपला राग बाहेर काढण्याची संधी मिळाली, त्यांच्या निवडीत हा कल राहिला नाही. म्हणजे आवडीची मर्यादा त्याच व्यक्तीत काही मिनिटांतही सरकू शकते. मनावर आधीच भार असताना रागविस्ताराचा मागोवा घेण्यास लागणारे अवधान हा अधिक भार ठरतो. परिचित गीतात पुढचा स्वर आधीच ठाऊक असल्याने तो भार पडत नाही.

मग खिन्न मनाने आनंदी संगीतच निवडावे काय? सिल्व्हिया क्नोब्लोख व डॉल्फ झिलमन यांच्या २००२ मधील प्रयोगात खिन्न अवस्थेतील व्यक्तींनी उल्हसित संगीतास अधिक वेळ दिला. उलट, लिला टारुफी व श्टेफान कोल्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७७२ व्यक्तींच्या पाहणीत करुण संगीत ऐकताना सर्वाधिक वेळा जाणवणारी भावना दुःखाची नसून गतस्मृतींच्या हुरहुरीची असल्याचे आढळले. वरवर पाहता विरोधी भासणाऱ्या या निष्कर्षांचा मेळ घालण्यास आयरा अल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात मांडलेले तत्त्व उपयोगी पडते. रुग्णाची जी चित्तवृत्ती असेल तिच्याशी जुळणाऱ्या संगीताने आरंभ करावा व नंतर ते क्रमाक्रमाने इष्ट दिशेस न्यावे, असे ते तत्त्व आहे. चित्तवृत्तीशी अगदीच विसंगत असे संगीत श्रोत्यास परके वाटते. ते लावता येते, परंतु मन त्यात लागत नाही.

आणखी एक निष्कर्ष विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. लुचियानो बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १२ संगीतज्ञ आणि १२ सामान्य श्रोते यांच्यावर केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकविले. त्यात एका भारतीय रागाचाही समावेश होता. लय जलद असता श्वसन, हृदयगती व रक्तदाब वाढले. परंतु सर्वांत अधिक शैथिल्य आढळले ते संगीत मध्येच थांबविले असता येणाऱ्या दोन मिनिटांच्या शांततेत. गाण्याने मिळणाऱ्या विश्रांतीचा काही भाग गाणे संपल्यानंतरचा असतो, हे यावरून ध्यानात येईल. अखंड चालू ठेवलेल्या यंत्रातून एकामागून एक गीते ऐकणारा श्रोता नेमक्या याच लाभास मुकतो.

४. प्राचीन विचार आणि मैफलीची परंपरा

श्रोत्याच्या अवस्थेचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी उपेक्षिला नव्हता. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात दुःखार्त, श्रमार्त व शोकार्त यांना विश्रांती देणे हे नाट्याचे एक प्रयोजन सांगितले आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने गणली, त्यांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’ हे होय. स्वतःच्याच सुखदुःखात जो बुडालेला आहे, त्याचे चित्त दुसऱ्या विषयावर स्थिर होत नाही. विशेष असा की या विघ्नाच्या निवारणाचे जे उपाय त्याने सांगितले, त्यांत गायन व वादन यांचा समावेश आहे. तेव्हा संगीत हे एकाच वेळी आस्वादाचा विषय आणि आस्वादाची पात्रता निर्माण करणारे साधन अशी दुहेरी भूमिका बजावते. श्रांत श्रोत्याचे श्रवण बहुधा या दुसऱ्या भूमिकेचे असते. त्यास हीन रसिकता म्हणणे योग्य नव्हे. ती रसिकतेची पूर्वतयारी असते.

मैफलीच्या रूढ क्रमातही हीच जाण दिसते. अवधान ताजे असताना विलंबित ख्याल, मग द्रुत, त्यानंतर ठुमरी, नाट्यपद वा अभंग आणि शेवटी भैरवी हा क्रम श्रोत्याच्या उतरत्या अवधानशक्तीशी सुसंगत आहे. रात्रभर चालणाऱ्या मैफलींत तर पहाटेचा ललित वा भैरव जागरणाने शिथिल झालेल्या देहाने ऐकला जाई. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासही अशा रात्रींचा मोठा इतिहास आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनंतर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले व उघड्यावरील अशा मैफली विरळ झाल्या. रागांच्या समयाची चर्चा करताना प्रहराचा विचार होतो; त्या प्रहरी श्रोता निजून उठला होता की रात्रभर जागा होता, याचाही विचार व्हावयास हवा.

५. संशोधनाच्या दृष्टीने

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली पद्धतीविषयी आहे. ‘आपणांस कोणते संगीत आवडते?’ या प्रश्नास मिळालेले उत्तर व्यक्तीचा स्थायी गुणधर्म म्हणून नोंदविण्याचा प्रघात आहे. परंतु सकाळी दिलेले उत्तर आणि कामावरून परतल्यावर दिलेले उत्तर भिन्न असू शकते. श्रवणाची वेळ, तत्पूर्वीचे काम, थकव्याचा प्रकार आणि गाणे स्वतः लावले की कानावर पडले, इतक्या बाबी तरी प्रश्नावलीत असल्याच पाहिजेत. ‘थकवा’ हा एकच शब्द देऊन भागणार नाही. दमणे, शिणणे, कंटाळणे व वैतागणे असे पर्याय दिल्यास मराठी भाषक अधिक नेमके उत्तर देईल.

दुसरी गोष्ट श्रोत्याविषयी आहे. प्रपंच आणि चाकरी यांच्या ओढाताणीत अनेक जण पूर्वीसारखे गाणे ऐकू शकत नाहीत आणि ‘आपली गोडीच गेली’ असा निष्कर्ष काढून ऐकणे सोडून देतात. कशातच गोडी न वाटण्याची अवस्था दीर्घकाळ टिकली तर तो वैद्यकाचा विषय होय. एरवी मात्र हा निष्कर्ष घाईचा आहे. नष्ट झालेली असते ती त्या प्रहरापुरती अवधानशक्ती, गोडी नव्हे. अशा वेळी लहान, परिचित व आपल्या वृत्तीशी जुळणारे गीत ऐकून काही काळ स्वस्थ बसणे, आणि ख्याल विश्रांतीनंतरच्या वेळेसाठी राखून ठेवणे, हे ज्ञात निष्कर्षांशी सुसंगत ठरते. गाणे लावणे एवढेच मनुष्याच्या हाती आहे. मन लागण्यास अवसर मिळेल अशी वेळ निवडणे हाही त्या लावण्याचाच एक भाग होय.