पाळण्याजवळचा पिता

वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावांत, किंबहुना वऱ्हाडात सर्वत्र, पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. आजी-मावश्या बाळाला तेल लावून न्हाऊ-माखू घालतात. बाळंतिणीची शेकशेगडी होते. जावई पाहुण्यासारखा येतो आणि बारशाला बाळाला घटकाभर हाती घेतो. पहिले दिवस स्त्रियांचेच, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. प्राणिशास्त्रातील काही संशोधन तिचा फेरविचार करावयास लावते.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात ‘प्रेअरी व्होल’ हा उंदराच्या जातकुळीतील जीव राहतो. सस्तन प्राण्यांत जोडीने संसार करणारे थोडेच. हा त्यांपैकी एक. नरही पिल्लांना ऊब देतो, चाटून स्वच्छ करतो. टॉड अहर्न आणि लॅरी यंग यांनी २००९ मध्ये दाखविले, की नर नसताना मादी त्याच्या वाट्याची शुश्रूषा भरून काढत नाही. एकट्या मातेकडे वाढलेल्या पिल्लांना पुढे जोडीदाराशी बंध जुळविण्यास अधिक काळ लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरेन बेल्स यांच्या गटाला तर मायबापांचा सहवास अधिक व कमी लाभलेल्या पिल्लांच्या मेंदूतील स्पर्शज्ञानाच्या भागाची जोडणीच भिन्न आढळली.

हा केवळ रक्ताचा वारसा असेल काय? माँट्रियल येथील मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांची पिल्ले जन्मताच अदलाबदल करून पाहिली. पिल्लांना वारंवार चाटणाऱ्या मादीकडे वाढलेली परकी मादी-पिल्लेही पुढे तशाच माता झाल्या. जन्मदात्रीहून संगोपन करणारीचा ठसा येथे प्रबळ ठरला.

अर्थात मनुष्य म्हणजे उंदीर नव्हे. प्रेअरी व्होलचे पिल्लू सुमारे तीन आठवड्यांत दूध सोडते. मानवी बालपण कित्येक वर्षांचे असते. त्यामुळे आरंभी राहिलेली उणीव पुढे भरून काढण्यास अवकाशही मोठा. ज्या घरात पिता नाही, तेथे आजी-आजोबांचा, काका-मामांचा जिव्हाळा मोलाचाच.

परंतु जेथे पिता आहे, तेथे त्याने दूर का राहावे? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. शेतकऱ्यास वा मजुरास तीही नाही. तरीही सासुरवाडीस गेल्यावर पाहुणचारात वेळ न दवडता बाळाला छातीशी धरणे, अंगाई म्हणणे, दुपटे बदलणे त्याला अशक्य नाही. कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरून ऊब देण्याच्या ‘कांगारू’ पद्धतीत तर डॉक्टर पित्यालाही सहभागी करून घेतात. मुलांसाठी बँकेत ठेव ठेवणारा पिता दूरदर्शी खराच. मात्र स्पर्शाची ठेव पहिल्या दिवसांपासून आणि स्वहस्तेच ठेवावी लागते.