विश्लेषण : अ‍ॅप सर्व्हरकडे नेमके काय मागते? ‘ग्राफक्यूएल’ काय आहे, त्याची गरज का पडली?

लोकल दोन स्थानकांच्या मध्ये असताना समाजमाध्यमाचे एखादे अ‍ॅप उघडले, की आधी मजकूर दिसतो, मग लिहिणाऱ्याचे नाव, मग फोटो आणि सर्वांत शेवटी प्रतिक्रियांचा आकडा. कधी कधी तर स्क्रीनवरचे चक्र गोल फिरतच राहते. दोष दरवेळी नेटवर्कचाच असतो असे नाही. अ‍ॅपने सर्व्हरकडे माहिती कशी मागितली आणि त्यासाठी किती फेऱ्या मारल्या, यावरही वेग ठरतो. ही मागणी नेमकी करता यावी म्हणून ‘क्वेरी लँग्वेज’, म्हणजेच विचारणा करण्याची भाषा वापरली जाते. ‘ग्राफक्यूएल’ ही त्यातली सध्याची सर्वाधिक चर्चेतली भाषा. तिचा आपल्या फोनशी आणि खासगी माहितीशी काय संबंध, याचा हा आढावा.

एपीआय म्हणजे काय?

अ‍ॅपमध्ये दिसणारी बहुतेक माहिती फोनमध्ये नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती बाहेर देण्यासाठी जी ठरलेली खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. या खिडक्या बांधण्याची सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे ‘रेस्ट’. रॉय फिल्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या पीएचडी प्रबंधात ती मांडली. या पद्धतीत साधारणपणे प्रत्येक गोष्टीला वेगळा पत्ता असतो. पोस्टसाठी एक, वापरकर्त्यासाठी दुसरा, प्रतिक्रियांसाठी तिसरा. त्या पत्त्यावर विचारले की ठरलेले उत्तर मिळते. काय द्यायचे हे सर्व्हर ठरवतो.

मग अडचण कुठे आली?

अडचणी दोन. पहिली, नको असलेली माहितीही येते. अ‍ॅपला फक्त लेखकाचे नाव हवे असते, पण सर्व्हर त्याचा पत्ता, सामील झाल्याची तारीख असे सगळेच पाठवतो. दुसरी, हवे असलेले एका फेरीत मिळत नाही. समजा, १० पोस्टची यादी मागवली आणि त्यात लेखकांची नावे नसून फक्त क्रमांक आहेत. मग प्रत्येक नावासाठी पुन्हा विचारावे लागते. यादीची एक आणि नावांच्या १० अशा ११ विचारणा होतात. घरातल्या वायफायवर हे जाणवत नाही. सिग्नल कमकुवत असेल, तर प्रत्येक विचारणेला लागणारा वेळ आणि ती अडकण्याची शक्यता दोन्ही वाढतात.

सॉफ्टवेअर प्रकल्प साठवणाऱ्या ‘गिटहब’ने २०१६ मध्ये आपला नवा ग्राफक्यूएल एपीआय जाहीर करताना हीच तक्रार मांडली होती. त्यांच्या डेटाबेसकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जुन्या रेस्ट एपीआयमुळे येत होत्या. उत्तरे आकाराने मोठी होती आणि तरीही एक पूर्ण चित्र उभे करायला दोन-तीन वेळा विचारावे लागत होते.

ग्राफक्यूएलने काय बदलले?

२०१२ मध्ये फेसबुक आपले आयफोन अ‍ॅप नव्याने लिहीत होते. आधीच्या अ‍ॅपमध्ये प्रत्यक्षात वेबपाने दाखवली जात आणि ते संथ चाले. नव्या अ‍ॅपसाठी न्यूज फीडची माहिती कशी मागवायची, या प्रश्नातून ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शाफर यांनी ग्राफक्यूएलची सुरुवात केली. २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

वाण्याच्या दुकानात यादी देण्यासारखा हा प्रकार आहे. साखरेसाठी एकदा, डाळीसाठी पुन्हा एकदा जाण्याऐवजी एकच यादी द्यायची आणि यादीत आहे तेवढेच सामान घेऊन यायचे. अ‍ॅप एकाच पत्त्यावर एकच मागणी पाठवते : ‘पहिल्या १० पोस्ट दे, प्रत्येकीचा मजकूर, लेखकाचे नाव, त्याचा लहान आकाराचा फोटो आणि प्रतिक्रियांची संख्या दे.’ उत्तर याच रचनेत येते. यादीत नसलेली जन्मतारीख उत्तरातही नसते.

दुकानात काय मिळते हेही आधीच जाहीर असते. त्याला ‘स्कीमा’ म्हणतात. त्यात नसलेली गोष्ट मागितली, तर मागणी चालवण्याआधीच सर्व्हर चूक दाखवतो.

हा पहिलाच प्रयोग होता का?

नाही. फेसबुकचीच ‘एफक्यूएल’ ही भाषा २००७ मध्ये आली होती. २००८ मध्ये याहूने ‘वायक्यूएल’ आणली. त्यात इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या सेवा जणू एकाच डेटाबेसमधले तक्ते असल्यासारख्या विचारता येत. ‘हवामानाच्या तक्त्यातून या गावाचे तापमान निवड’ अशा धाटणीची एक ओळ लिहिली की काम होई. अनेक हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रामर तिच्यावर विसंबून होते. ३ जानेवारी २०१९ रोजी याहूने ही सेवा बंद केली. एफक्यूएलही त्याआधीच मोडीत निघाली होती.

ग्राफक्यूएलचे वेगळेपण इथे आहे. ते कुणा एका कंपनीच्या खिडकीचे नाव नाही. ते लिखित नियमांचे खुले प्रमाण आहे आणि कुणीही आपल्या सर्व्हरवर ते राबवू शकतो. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ‘ग्राफक्यूएल फाउंडेशन’ त्याची देखरेख करते.

तोटे काय आहेत?

मागण्याची मोकळीक सर्व्हरला महागात पडू शकते. ‘माझे मित्र, त्यांचे मित्र आणि त्यांचेही मित्र दे’ ही मागणी लिहायला एकच ओळ लागते. पण प्रत्येकाला २०० मित्र असतील, तर पहिल्या पायरीवर २००, दुसऱ्या पायरीवर ४० हजार आणि तिसऱ्या पायरीवर ८० लाख नोंदी चाळाव्या लागतील. म्हणून मागणी किती खोल जाऊ शकते, यावर मर्यादा घालावी लागते. गिटहबने एका मागणीत ५ लाख नोंदींची कमाल मर्यादा ठेवली आहे. शिवाय रेस्टमध्ये पत्त्यानुसार उत्तरे तात्पुरती साठवून ठेवणे सोपे असते. एकाच पत्त्यावर शेकडो प्रकारच्या मागण्या येऊ लागल्या, की त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

याने मोबाइल डेटा वाचतो का?

थोडासा. डेटा पॅकचा मोठा वाटा व्हिडीओ आणि फोटो खातात. नावे, आकडे यांचा मजकूर त्या मानाने किरकोळ असतो. यादीत लहान फोटो पुरेसा असताना मोठा न मागवणे, एवढी बचत होते. खरा फायदा कमी झालेल्या फेऱ्यांचा, म्हणजे वेळेचा आहे.

खासगी माहिती सुरक्षित राहते का?

याचे उत्तर भाषा देत नाही. अ‍ॅप कमी मागू शकते, तसे जास्तही मागू शकते. कुणाला काय द्यायचे, हे सर्व्हर चालवणाऱ्याने प्रत्येक रकान्यापाशी तपासायचे असते.

ही तपासणी सैल असली की काय होते, हे केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात दिसले. ती माहिती ग्राफक्यूएलमधून गेली नव्हती. फेसबुकच्या ‘ग्राफ एपीआय’ या वेगळ्या खिडकीतून गेली होती. नावातल्या साधर्म्यामुळे दोन्हींत गल्लत होते. या खिडकीच्या तेव्हाच्या नियमांनुसार एखाद्याने अ‍ॅपला परवानगी दिली, की त्याच्या मित्रांचीही काही माहिती मागता येत असे. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार, भारतात ते अ‍ॅप फक्त ३३५ जणांनी घेतले होते. फटका बसला असण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या मात्र ५ लाख ६२ हजार ४५५ होती. म्हणजे जवळपास सर्वांच्या वतीने होकार दुसऱ्याच कुणीतरी दिला होता. मित्रांच्या माहितीची ही वाट २०१५ मध्ये बंद झाली होती, पण तोवर माहिती बाहेर गेली होती.

वापरकर्त्याने काय करावे?

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानली आहे. कायद्यातले उदाहरणच बोलके आहे. ऑनलाइन वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कांची यादी मागितली आणि वापरकर्त्याने ‘हो’ म्हटले, तरी त्या यादीची सेवेसाठी गरज नसल्याने ती संमती सेवेपुरतीच धरली जाते.

अ‍ॅप सर्व्हरकडे काय मागते हे आपल्याला दिसत नाही. आपण काय देऊन ठेवले आहे, ते मात्र पाहता येते. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या परवानग्या असतात. गुगल आणि फेसबुक खात्यांच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी मिळते. कधीकाळी एखादी प्रश्नमंजूषा खेळण्यासाठी जोडलेले अ‍ॅप तिथे अजून असेल, तर ते काढून टाकावे.