बारा वर्षांनी मोठी बायको

बायको नवऱ्यापेक्षा वयानं मोठी असली की आपल्याकडे कुजबुज सुरू होते. ‘घोडनवरी’ हा शब्द तर तयारच असतो. त्यातून ती विधवा आणि चार पैसे राखून असली, तर लोक म्हणणारच, “पैसा बघूनच केली त्यानं!” आज इंग्लंडमधल्या अशाच एका जोडप्याची खरी गोष्ट सांगते.

मेरी अ‍ॅन लुईसचा नवरा १८३८ साली वारला. लंडनमध्ये मोठं घर आणि दरसालचं चांगलं उत्पन्न तो तिच्यासाठी ठेवून गेला. नवऱ्याबरोबर संसदेत असलेल्या बेंजामिन डिझरायलीनं तिला मागणी घातली. ती ४६ वर्षांची, तो ३४ वर्षांचा. हुशार होता, पुस्तकं लिहायचा, पण कर्जात बुडालेला.

लग्नाआधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हा त्यानं पत्र लिहून कबूल केलं, की आधी पैशाचाच विचार होता, पण ओळख वाढली तसा जीव जडला. शिवाय तिचं घर आणि उत्पन्न फक्त तिच्या हयातीपुरतं आहे, हेही त्याला समजलं होतं. सगळं उघड झाल्यावर, १८३९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लग्न केलं.

संसार ३३ वर्षं टिकला. तिनं त्याच्या कर्जाला हातभार लावला. १८६७ साली संसदेत मोठा विजय मिळाला, तेव्हा मित्रांची मेजवानी सोडून तो रात्री घरी आला. ती जेवण मांडून जागी होती. १८६८ साली तो पंतप्रधान झाला. ते पद गेल्यावर त्यानं राणीकडे मानाचा किताब मागितला तो स्वतःसाठी नव्हे, बायकोसाठी. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करणारा १८७६ चा कायदा पुढे त्याच्याच कारकिर्दीत झाला. त्यानं पैशासाठी लग्न केलं, पण पुन्हा करायची वेळ आली तर प्रेमासाठी करील, असं मेरी अ‍ॅन हसत सांगायची. १८७२ साली ती गेली आणि त्याला ते घर सोडावं लागलं.

आता आपलं बघू. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. नवरा बायकोपेक्षा मोठाच हवा, असं आपला कायदा म्हणत नाही. हिंदू विधवेला १९५६ च्या वारसा कायद्यानं मिळालेला वाटा हयातीपुरता नाही, पूर्ण तिच्या मालकीचा आहे. एकदा वारसानं मिळाला, की दुसरं लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही.

म्हणून गटातली एखादी मैत्रीण असं लग्न करायचं म्हणाली, तर वयाचा हिशेब नंतर. आधी विचारा: त्याच्यावर कर्ज किती? त्यानं ते सांगितलं का? सातबारा आणि बँकेचं खातं तिच्याच नावावर राहणार ना? उत्तरं सरळ मिळाली, तर हळद लावायला आपणच जाऊ या.