उशिरा आई झालेल्या तिघी

आपल्या बेळगाव-निपाणी भागात मूल उशिरा झालं की सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस आठवतो. बायबलमध्येही अशा आया आहेत. सारेला इसहाक झाला नव्वदीत! हन्ना तेवढी म्हातारी नव्हती, पण वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. शिलोच्या मंदिरात ती नुसते ओठ हलवत रडली, तर एली याजकाला वाटलं, ही प्यालेली आहे. (मला एलीचा अजून राग येतो.)

या दोघी मूळच्या यहुदी परंपरेतल्या. रोश हशाना या यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये दोघींच्या कथा वाचतात. तिसरी अलीशिबा, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची वृद्ध आई, नव्या करारात भेटते. तिच्याच घरी येशूची आई मरिया जे स्तोत्र म्हणते, त्यात हन्नाच्या प्रार्थनेचे पडसाद स्पष्ट आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचाच.

मराठीत यहुदी आणि ख्रिस्ती, दोन्ही परंपरा नांदल्या. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांकडे इच्छा पुरी झाली की एलियाहू हन्नाबीच्या (म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या) नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा होतो. आणि ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तर बेळगावचेच: जन्म १८३१, बाप्तिस्माही इथेच, १८५४ मध्ये.