सोड्याचा वायू आणि त्याची गळती

उन्हाळा तापू लागला की कोल्हापुरात सोड्याच्या गाड्यांभोवती गर्दी होऊ लागते. हा गाडीवरचा सोडा आता घरातही आला आहे. घरच्या घरी सोडा करण्याची, आणि परवाना असलेल्या काही घरांत पिंपातून तोटीने बिअर काढण्याचीही साधने लोक बाळगू लागले आहेत. दोहोंच्या मुळाशी वस्तू एकच, ती म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूने भरलेले पोलादी सिलिंडर. हा पाहुणा घरात घ्यावयाचा तर त्याचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे.

या वायूचा आणि बिअरचा संबंध जुना आहे. 1767 च्या सुमारास जोसेफ प्रीस्टले हा इंग्रज शास्त्रज्ञ लीड्स येथे बिअरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या रसाच्या पिंपांवर वायूचा एक थर साचलेला असतो आणि त्यात जळती काडी धरली तर ती विझते, असे त्याला आढळले. त्या थरात त्याने पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतले, तेव्हा पाण्याला चुरचुरीत चव आली. सोडावॉटरची कृती त्याने 1772 साली प्रसिद्ध केली. पुढे हायरम कॉड याने गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्यात आतल्या वायूचाच दाब गोटीला रबरी कड्यावर घट्ट बसवतो. कडे चिरले की सोडा मिळमिळीत होतो. गळतीचे सारे शास्त्र या एका बाटलीत आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वायू गळला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. स्वयंपाकाचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम घातलेला असतो. सोड्याच्या वायूला वासही नाही आणि रंगही नाही. तो पेटत नाही, हे खरे. पण हवेहून तो सुमारे दीडपट जड असल्यामुळे बंद जागेत जमिनीलगत साचतो. थोडा हिशेब करू. एक किलो द्रवरूप वायूचा सुमारे 540 लिटर वायू होतो. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी दहा फूट अशा बंद खोलीत पाच किलोचे सिलिंडर रिकामे झाले, तर तेथील हवेत या वायूचे प्रमाण नऊ-दहा टक्क्यांवर जाते. एरवी ते 0.04 टक्के असते. तीन-चार टक्क्यांना धाप लागते, डोके दुखते. दहा टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत शुद्ध हरपते. गळती मंद असेल आणि खोली मोकळी असेल तर वायू विरून जातो व नुकसान केवळ पैशाचे होते. म्हणून सिलिंडर तळघरात, बंद कोठीत किंवा निजण्याच्या खोलीत ठेवू नये.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे आहे. तिच्यावर येथे विसंबू नये. दिवा जळत असतानाही माणूस गुंगावू शकतो.

आता गळती ओळखावयाची कशी? पुष्कळांचा भरवसा सिलिंडरवरच्या दाबाच्या काट्यावर असतो आणि तेथेच फसगत होते. आत द्रव शिल्लक असेपर्यंत तपमान तेच राहिले तर दाबही तोच राहतो. निम्मा माल उडून गेला तरी काटा हलत नाही. खरे सांगतो तो वजनकाटा. सिलिंडर भरून आणल्यावर वजन करून लिहून ठेवावे. वापर नसताना वजन घटले तर गळती आहे, हे नक्की.

गळतीची जागा शोधण्यास साबणाचे पाणी पुरते. दाब चालू ठेवून ते प्रत्येक सांध्याला ब्रशने लावावे: सिलिंडर आणि रेग्युलेटर यांचा सांधा, कॉकची दांडी, नळीची दोन्ही टोके, पिंपाचे झाकण. बुडबुडे फुगू लागले तर दोष तेथेच. दुसरी कसोटी रात्रीची. पिंपाकडचा कॉक बंद करावा, नळीत दाब भरावा आणि सिलिंडरचाही कॉक बंद करावा. रेग्युलेटरवरील नळीकडचा काटा पाहून ठेवावा. सकाळी तो बराच उतरलेला दिसला तर मधल्या मार्गात कोठे तरी छिद्र आहे.

दुरुस्ती करण्यापूर्वी सिलिंडर बंद करून नळीतला दाब सोडून द्यावा. दाबाखालच्या सांध्याला पाना लावू नये. रेग्युलेटरचा सांधा बहुधा वायसरवर बंद होतो, आट्यांवर नव्हे. तेथे आट्यांना फीत गुंडाळून किंवा नट जोराने आवळून उपयोग नाही. चेपलेला वायसर बदलला पाहिजे. नळीचे टोक कडक झाले असेल तर तेवढे कापून नळी पुन्हा बसवावी व पट्टी आवळावी. पिंपाचे रबरी कडे चिरले असेल तर नवे घालावे. सिलिंडर नेहमी उभे आणि साखळीने बांधलेले असावे. आडवे पडल्यास द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. ते उन्हातही ठेवू नये. सिलिंडर घेतानाच त्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख पाहावी. काम संपले की सिलिंडरचाच कॉक बंद करावा, ही सवय सर्वांत मोलाची.

आणि इतके करूनही फुसफुस ऐकू आली, किंवा खोलीत शिरताच धाप लागली, तर सिलिंडर बंद करावयास आत धावू नये. आधी बाहेर यावे, दारे सताड उघडावीत, मुलाबाळांना दूर न्यावे. आत कोणी पडलेले दिसले तरी एकट्याने वाकून उचलावयास जाऊ नये, कारण वायू खालीच दाटलेला असतो. अग्निशामक दलाला बोलवावे. जो धोका नाकाला आणि डोळ्याला कळत नाही, त्याच्यासाठी साबणाचे पाणी, वजनकाटा आणि उघडी खिडकी हेच आपले पहारेकरी होत.